काट्यावरचा टायर

पोस्टाचं शटर अर्ध्यावर ओढून
मी टायर पार्सलच्या काट्यावर ठेवते.
डब्यावर छापलंय पाचशे साठ.
काटा म्हणतो पाचशे अठ्ठ्याण्णव.

अडतीस ग्रॅम.
साधं पत्र विसापर्यंत जातं,
म्हणजे जवळजवळ दोन पत्रं
कुणीतरी न सांगता आत घातली आहेत.
दुसऱ्या कुणाचं पार्सल असतं
तर मी जादा तिकिटं लावायला लावली असती.

दुसरा टायर सातशे चाळीसचा.
कडा जाड, दाते उंच,
हाताला म्हशीच्या कानासारखा.
तो एका ग्रॅमपलीकडे खोटं बोलत नाही.

शर्यत मार्गशीर्षात, सड्यावरून, बत्तीस किलोमीटर.
माझं वजन बासष्ट,
त्यातले दोन किलो गणपतीतल्या मोदकांचे.
ते उतरवायचे सोडून
मी ग्रॅम मोजत बसले आहे, हे मला कळतं.
पण चाकातलं वजन नुसतं वाहायचं नसतं,
फिरवायचंही असतं,
घाटीच्या प्रत्येक वळणाला पुन्हा पहिल्यापासून.

सड्याला यातलं काही माहीत नाही.
दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, झोपतं,
खालचा जांभा उघडा होतो,
मध काढून घेतलेल्या पोळ्यासारखा,
भोकाभोकाला धार.
चिरेखाणीपाशी तर तुटक्या चिऱ्यांचे कोपरे
गवतात तोंड लपवून बसलेले.

गेल्या वर्षीचा टायर चारशे ऐंशी होता.
मी उडत होते.
अकराव्या किलोमीटरला कड फाटली, चार बोटं.
आतला पांढरा चीक फसफसून आला,
कोवळा फणस कापल्यासारखा,
माझ्या पोटरीवर, गवतावर,
कातळात कोरलेल्या एका माशाच्या शेपटीवर.
करवंदीचा काटा असता तर चिकाने बुजवला असता.
फाटल्याला चीक पुरत नाही.
आधी मी ती शेपटी धुतली, बाटली संपेपर्यंत.
मग सायकल खांद्यावर.
सहा किलोमीटर उतार, चालत.

बंदरावर याकूब सोलकर जाळं सांधत होते.
त्यांनी काही विचारलं नाही.
सुई भरली, नायलॉनचा दोरा,
अकरा टाके, प्रत्येकाला गाठ.
म्हणाले, "बाय, जाळं हलकंच हवं,
ओढणाऱ्याच्या खांद्याला विचार.
पण तळाची दोर जाड घालतात.
तिथं खडक खातो."
पैसे घेतले नाहीत.
नातीच्या खात्याचा फॉर्म भरून घेतला.

रत्नागिरीच्या दुकानातला निहाल म्हणतो,
हलका मागे, जाड पुढे, सगळे असंच लावतात.
सगळे सड्यापर्यंत गाडीने येतात, निहाल,
आणि गाडीनेच परत जातात.
मी कड चिमटीत धरून बघते,
पोळपाटावरचा पापड बघावा तशी.
पुढचं चाक मला दिसतं.
त्याला मी वाट दाखवते, दगड चुकवते.
मागचं आंधळं येतं, माझा सगळा भार घेऊन,
पुढचं जिथून निसटलं
नेमकं तिथेच आपटतं.
त्याला म्हशीचा कान.
पुढच्याला ही दोन पत्रं, चालतील.

बेरीज तेराशे एकोणचाळीस.
पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहिते, खाली रेघ मारते.

शटरवर थाप.
"मॅडम, आमसुलं पाठवायचीत, डोंबिवलीला.
काटा चालू आहे ना?"
मी टायर उचलते.
काटा उतरतो, उतरतो,
आणि दोनावर थांबतो.

फुंकर मारते. दोनच.
बोटाने ताट पुसते. दोन.
म्हणजे सकाळपासूनची सगळी पार्सलं,
आणि कंपनीवरचा माझा राग,
आणि तो म्हशीचा कान,
सांगितल्यापेक्षा एक ग्रॅम हलकाच.

"या," म्हणते, "जरा थांबा हं,"
आणि रेघेखालचा आकडा खोडते.